दारातल्या दोघी

वालचंदनगरच्या त्या क्वार्टरचं दार आता लोखंडी आहे. राखाडी रंगाचं, वरच्या बाजूला जाळी असलेलं. माझ्या वेळचं दार लाकडी होतं. पावसाळ्यात ते फुगून बसायचं आणि खालून जरा उचलून लोटल्याशिवाय लागायचं नाही. उंबरा मात्र तोच, मधोमध झिजून किंचित खोलगट झालेला. मी त्याच्याकडे बघत उभी होते, तर आतून एक तरुण बाई कणकेच्या हातांनीच बाहेर आली.

"कोण पाहिजे?"

"कुणी नाही. पूर्वी इथं माझ्या ओळखीच्या बाई राहायच्या."

"मग या की आत, उन्हात कशाला उभ्या?"

किती सहज म्हणाली ती. मी म्हटलं, "मी इथं पायरीवरच बसते थोडा वेळ. चालेल?" तिला ते विचित्र वाटलं असणार, पण ती तांब्याभर पाणी ठेवून आत गेली. तिच्या पोळ्यांचा वास बाहेर येत राहिला. समोर कडुनिंबाची सावली पडली होती. मी पाणी प्यायले आणि बसले.

दुसऱ्या दिवशी मला इंदापूरच्या एका महाविद्यालयात बोलायचं होतं. विषय त्यांनीच दिला होता : कथेतली दारं आणि उंबरठे. बारामतीत मी इतकी वर्षं मराठी शिकवते, अशा विषयावर तासभर बोलणं काही अवघड नाही. पण तयारीला बसले की पेन पुढं सरकेना. प्रत्येक वाक्य लिहिताना वाटायचं, हे माझं नाही, हे त्या क्वार्टरमधल्या काकूंचं आहे. म्हणून त्या सकाळी एमआयडीसीकडे निघालेल्या मोटारसायकलींच्या लोंढ्यातून वाट काढत शहराबाहेर पडले आणि इंदापूरच्या रस्त्यावरून गाडी मध्येच वालचंदनगरकडे वळवली. मुक्काम डाळजला, आईकडे करायचा होता. वाटेत थोडं थांबावं, एवढंच मनात होतं.

मी इथं आले तेव्हा आठवीत होते. डाळजच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते, आणि मामा इथं फाउंड्रीत कामाला होता. त्याची क्वार्टर शेजारचीच. तेव्हाचं आठवायला लागलं की आधी वास येतात. साखर कारखान्याच्या हंगामात सगळ्या वसाहतीवर मळीचा आंबूस-गोड वास पसरलेला असे, इतका दाट की वाळत घातलेल्या कपड्यांनाही लागायचा. मामाच्या अंगाला तापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या मातीचा वास. सकाळचा भोंगा झाला की सायकलींच्या घंट्यांची एक लांबलचक साखळी रस्त्यावरून खुळखुळत जायची आणि मग एकदम शांत व्हायचं. त्या शांततेत कडुनिंबाची पिकली लिंबोळी खाली पडली तरी ऐकू येई.

देवधरकाकूंबद्दल मामीनं पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. त्या घराबाहेर पडत नाहीत. भाजी काका आणतात, दळण काका आणतात, हळदीकुंकवाला बोलावलं तरी त्या येत नाहीत. का येत नाहीत यावर त्या ओळीतल्या प्रत्येक घराचं वेगळं मत होतं. मला खरं कारण कधीच कळलं नाही. आता तर ते कळावं असंही वाटत नाही.

काका ड्रॉइंग ऑफिसात होते. अगदी शांत माणूस. त्यांची एकच अडचण होती. काकूंना वाचायला पुस्तकं लागायची आणि काका वाचनालयातून दर वेळी तेच तेच पुस्तक घेऊन यायचे. शेवटी एका संध्याकाळी ते मामाकडे आले आणि संकोचून म्हणाले, "तुमची भाची शाळेतून येताना वाचनालयावरूनच येते ना? तिनं आणली तर बरं होईल. माझ्यावर घरात फार रागावतात हो."

अशी मी त्या दारात पहिल्यांदा उभी राहिले. काकू गोऱ्या, उंच, जरा वाकलेल्या. पुस्तक हातात घेतल्यावर त्यांनी ते आधी नाकाशी धरलं. मग मधलंच एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. "वाच बघू थोडं. तुझा आवाज कसा आहे?"

मी पायरीवर बसले आणि वाचलं. त्या आत खुर्ची ओढून बसल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग तो रिवाजच पडला. त्या उंबऱ्याच्या आत, मी उंबऱ्याच्या बाहेर, आणि मध्ये गोष्ट.

काकूंना वाचून दाखवणं म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. पुढं काय झालं ते कधी एकदा कळतंय, म्हणून मी भराभर वाचत सुटायची. आणि गोष्टीत दार आलं की काकू हात वर करायच्या.

"थांब. दार आलं. आता सावकाश. कोण आहे दारात?"

"जावई."

"आत बोलावलंय त्याला?"

"अजून नाही."

"मग त्याचे जोडे कुठं आहेत? पायात की काढून ठेवलेत?"

मी पान वरखाली बघायची. जोड्यांचं काही लिहिलेलंच नसायचं.

"लेखक विसरला," काकू समाधानानं म्हणायच्या. "दारातल्या माणसाचे जोडे पायात असले तर तो जाणार आहे. काढलेले असले तर राहणार. एवढ्यावर सगळी गोष्ट असते, बाळ."

कडी आतून आहे की बाहेरून, हे त्यांना लागायचं. सून माप ओलांडून आत आली की तिच्यामागं दारात कोण उरलं, ते त्या विचारायच्या. भांडून निघालेला मुलगा उंबऱ्यात ठेचकाळला की त्या खूश व्हायच्या. म्हणायच्या, "बघ, घरानं त्याचा पाय धरला." एकदा गोष्टीतल्या एका बाईनं धाडकन दार लावून घेतलं, तेव्हा त्यांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "ती कुणाला बाहेर ठेवतेय ते लेखकानं नीट लिहिलंय. ती स्वतःला कशात कोंडून घेतेय, तेही लिहायला हवं होतं." आणि एकदा म्हणाल्या, "उंबऱ्यावर उभं असलेलं माणूस ना घरात असतं, ना अंगणात. तेवढा वेळ ते अजून काहीही करू शकतं. म्हणून तर चांगला लेखक त्याला तिथं ताटकळत ठेवतो."

आज वर्गात मी जे सांगते आणि मुलं जे वहीत उतरवून घेतात, त्यातलं निम्मं मी या पायरीवर बसून ऐकलंय.

पण मी पायरीवरच का बसत होते, हे सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती, सकाळी वंदना व्हायची, दादा, म्हणजे माझे वडील, ताठ मानेनं गावात वावरायचे. तरी गावात एखाद्या दारी ताक आणायला गेलं, की पायरीखाली थांबायचं आणि वरून धार येईल तसं भांडं धरायचं, हे माझ्या पायांना ठाऊक होतं. कुणी शिकवलं नव्हतं. काकूंच्या दारात पाय आपोआप थांबले. त्यांनी आत ये म्हटलं नाही. मला त्यात नवल वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. एवढं छान वाचायला मिळतंय, ते काय कमी आहे?

चैत्रातली एक दुपार. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. एकदम आभाळ भरून आलं, धुळीची वावटळ उठली आणि गारा पडायला लागल्या. मी पुस्तक पोलक्याशी धरून पायरीवरच भिंतीला चिकटले. आतून काकू ओरडल्या, "अगं, आत ये! वेडी का खुळी? आत ये म्हणते ना!"

"आत?"

"आत म्हणजे आत! डोकं फुटेल तुझं!"

मी उंबरा ओलांडला. केसांतून गारा ओघळत होत्या. काकूंनी टॉवेल आणला आणि माझं डोकं खसाखसा पुसायला घेतलं. पुसता पुसता म्हणाल्या, "इतके दिवस बघतेय. एवढं ऊन असतं, तरी तू बाहेरच बसतेस. मला वाटायचं, हिला वारा आवडतो. कोंदटल्यासारखं होत असेल हिला माझ्या घरात."

"मला वाटायचं," मी म्हणाले आणि उंबऱ्याकडे बघितलं.

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या उंबऱ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटली.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मला बाहेर येता येत नाही, आणि तू आत येत नव्हतीस." मग त्या खाली जमिनीवरच बसल्या आणि टॉवेल तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या. बाहेर पत्र्यांवर गारा वाजत होत्या. मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, डबे कुठं आहेत ते दाखवलं आणि म्हणाल्या, "तिखटमिठाचा सांजा कर. मला भूक लागलीय." त्या घरात मी केलेलं पहिलं काम म्हणजे तो सांजा. बुडाला लागला होता. आम्ही दोघींनी एकाच ताटलीत खाल्ला.

त्यानंतरचे ते सहा-सात महिने मी कशाच्या बदल्यात देईन? कशाच्याच नाही. त्यांच्या घरात खसाच्या अत्तराचा, जुन्या कागदांचा आणि दुपारच्या कॉफीचा मिळून एक वास होता. काका संध्याकाळी आले की मला बघून म्हणायचे, "आज कुणाचं दार वाजलं?" आणि आम्ही त्यांना त्या दिवशीची गोष्ट सांगायचो.

नववीत दिवाळीच्या सुट्टीला मी डाळजला गेले आणि परत आले नाही.

आई उठत नव्हती. ताप नव्हता, खोकला नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. भिगवणच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, लाल टॉनिकच्या बाटल्या दिल्या. बाटल्या संपल्या, त्यांत आम्ही रॉकेल भरून ठेवलं. कधीतरी ती उठायची, चुलीपाशी बसून दोन भाकऱ्या थापायची, पुन्हा जाऊन पडायची. अंगणातसुद्धा यायची नाही. दादा सकाळी उसाला पाणी द्यायला जायचे, मी पाणी भरायची, शेण काढायची, स्वयंपाक करायची. शाळा सुरू झाली. दादांनी एकदा विचारलं, "तुझी साळा?" मी म्हटलं, "जाईन नंतर." त्यांनी पुढं विचारलं नाही. त्यांना तरी काय दुसरं सुचणार होतं? मामा एकदा येऊन बघून गेला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आमच्या गावामागं धरणाचं पाणी पसरलेलं आहे. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात. धुणं घेऊन गेले की मी त्यांच्याकडे बघत बसायची. एवढ्या लांबून येतात आणि गुडघाभर चिखलात निवांत उभे राहतात. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा.

संक्रांत होऊन गेली असेल. मी अंगण झाडत होते. वाटेनं मामा येताना दिसला आणि त्याच्या शेजारी एक उघडी छत्री. ऊन कोवळं होतं, आभाळ स्वच्छ होतं, आणि ती छत्री इतकी खाली धरलेली की माणूस दिसतच नव्हतं. फक्त जांभळ्या साडीचे काठ आणि धुळीनं भरलेल्या चपला. समोरची हातभर जमीन तेवढी दिसावी, अशी ती छत्री धरली होती. ती जवळ आली तेव्हा माझ्या हातातला झाडू गळून पडला.

काकू होत्या. वालचंदनगरहून एसटी बदलत, फाट्यापासून चालत.

दादा ओट्यावर खुरप्याला धार लावत होते. मामानं ओळख करून दिली. दादा उठले, पंच्यानं हात पुसले. "या बाई, आत या. बसा."

काकू दारापर्यंत आल्या. छत्री मिटली. आणि उंबऱ्यासमोर थांबल्या.

"या की," दादा पुन्हा म्हणाले.

काकू हलल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ओठ पांढरे पडले होते. शेजारच्या दारांतून बायका बघायला लागल्या. मला दिसत होतं, की इथवर आणलेलं सगळं बळ त्या उंबऱ्यापाशी येऊन संपलंय. आत जायचं आणि बाहेर यायचं, दोन्ही त्यांना सारखंच जड होतं. पण दादांना ते कसं कळावं? त्यांना एकच अर्थ ठाऊक होता. त्यांचा चेहरा घट्ट होत गेला. ते मामाला हळू आवाजात म्हणाले, "हितंच खुर्ची टाक त्यास्नी. आमच्यात येत नसत्याल."

"नाही दादा," मी म्हणाले, "तसं नाही," पण दादा मामाकडेच बघत होते. काकूंनी दादांचं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी मान हलवली, काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, आणि डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात आत वाकळ सरकल्याचा आवाज झाला. आई उठली होती. केस सुटलेले, पदर तसाच. ती भिंतीला धरत दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. काकूंच्या समोर. तिनं काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, त्यांच्या हाताकडे पाहिलं. छत्रीच्या मुठीवर तो हात थरथरत होता.

"भ्या वाटतंय व्हय?" आईनं विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या.

"मला बी वाटतं," आई म्हणाली. "दिवाळीपास्नं ह्या दारातनं भाईर पाय टाकला न्हाय मी. अंगण बघितलं की छातीत धडधडतं. ह्यास्नी सांगितलं न्हाय. काय सांगायचं? कशाचं भ्या, म्हनून इचारलं, तर मला तरी कुठं ठावं हाय?"

दादा खाली बसले. अगदी होते तिथंच, ओट्याच्या कडेवर.

आईनं हात पुढं केला. "धरा. मी हिकडनं वढते. डोळं झाका पायजे तर."

काकूंनी डोळे मिटले आणि आईचा हात धरला. पायातल्या चपला त्यांनी बाहेर काढल्या, तेवढ्यातही आठवणीनं. मग त्या आत आल्या.

बराच वेळ दोघी वाकळेवर शेजारी शेजारी बसून होत्या, हात न सोडता. मी चहा केला. मामा बाहेर दादांजवळ बसला होता. चहा पिताना काकू म्हणाल्या, "मी हिला न्यायला आलेय. तिच्याशिवाय मला कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून नाही हं. काका वाचतात आता. वाईट वाचतात, पण वाचतात. हिनं शिकायला पाहिजे, म्हणून आलेय." आणि आईकडे वळून म्हणाल्या, "पण तुम्हाला बघितल्यावर आता मला ते तोंडानं बोलवत नाही."

आई कपबशीत बघत राहिली. मग म्हणाली, "न्या तिला. मी उठते आता."

"अगं, झेपंल का तुला?" दादांनी दारातून विचारलं.

"झेपंल न झेपंल, करून बघते. ह्या हितवर आल्या न्हव्हं?"

उन्हं कलायला लागली तेव्हा काकूंना परत जायचं होतं. त्या दारापाशी आल्या आणि पुन्हा थांबल्या. समोर सगळं मोकळं होतं, अंगण, वाट, ऊस, आणि त्यापलीकडे पाणी. मामा पुढं झाला, पण आईनं त्याला बाजूला केलं. तिनं पदर खोचला, काकूंचा हात धरला, आणि छत्री स्वतः उघडली. दोघी एकाच वेळी उंबऱ्यातून बाहेर पडल्या. कुणी कुणाला धरून नेलं, ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

एका छत्रीखाली दोघी फाट्याच्या वाटेला लागल्या. मी माझी पिशवी घेऊन मागं, मामा माझ्यामागं. दादा अंगणातच उभे होते. मी वळून पाहिलं, तेव्हा ते पंच्यानं तोंड पुसत होते. वाटेत पाण्यापाशी आई थांबली आणि काकूंना म्हणाली, "बघा की जरा. पाखरं आल्यात." काकूंनी छत्री थोडी वर केली. किती वर्षं झाली असतील त्यांनी एवढं लांबवर पाहून! पाण्यावर पांढरा-गुलाबी पट्टा पसरला होता. "किती आहेत!" त्या म्हणाल्या. आणि मला एकदम जाणवलं, की मला त्या पाखरांचा राग येत नाहीये.

काकू नंतर पूर्ण बऱ्या झाल्या असं म्हणता येणार नाही. कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायच्या, कधी महिना महिना नाही. आईचंही तसंच, चांगले दिवस आणि वाईट दिवस. पण आई ठरवून वालचंदनगरला येऊ लागली. एसटीतून उतरली की आधी भावाकडे न जाता शेजारी जायची. मी मॅट्रिक झाले, बारामतीला कॉलेजात गेले, लग्न झालं, तरी त्या दोघींचं चालूच होतं. काकू तिला गोष्टी वाचून दाखवायच्या, आई त्यांना भाकरी करून घालायची. काकू गेल्या तेव्हा आई त्यांच्या उशाशी होती. मी नव्हते. पण ती होती, आणि मला वाटतं, तेच बरोबर होतं.

या दोघींनी मला परत शाळेच्या वाटेला लावलं. मी मात्र इतकी वर्षं कुठल्याही व्यासपीठावर त्यांचं नाव घेतलेलं नाही. गोष्टीतल्या दारांबद्दल बोलत राहिले.

पायरीवरून उठले तेव्हा त्या तरुण बाईनं चहा आणलाच. "आत नाही ना आलात," ती जरा रुसून म्हणाली. मग मी आत गेले. तिची खोली, तिचं बाळ, तिचा टीव्ही. सगळं तिचं. चहा छान होता.

संध्याकाळी डाळजला पोचले. आईनं पिठलं केलं होतं. आता ती ऐंशीच्या पुढं आहे, दादा गेल्यापासून एकटीच असते, कमी ऐकू येतं. जेवताना मी तिला उद्याच्या भाषणाचं सांगितलं. काकूंबद्दल बोलणार आहे म्हटलं. तुझ्याबद्दलही.

"मला काय इचारतीस? बोल की."

मग ती भांडी घासायला बसली. घासून झाल्यावर म्हणाली, "बायामान्सं येत्यात का ऐकायला तितं?"

"येतात की. मुली पुष्कळ असतील."

"हं," ती म्हणाली, आणि झोपायला गेली.

सकाळी मला जाग आली तेव्हा घर रिकामं होतं. चहाचं पातेलं धुऊन पालथं घातलेलं. मी घाबरून बाहेर धावले. आई हिरवं इरकल नेसून, केस नीट विंचरून, गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. मला पाहिल्यावर ती आतून काचेवर बोटानं टकटक करायला लागली. आवर म्हणून.